दुकानाचे संकट घरात येऊ नये म्हणून

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, ते आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्यात होता. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एक पालक आम्हाला भेटायला आले. छपाईचा लहानसा व्यवसाय, मुलगी दहावीत. "सर, या सहामाहीची फी दोन-तीन हप्त्यांत दिली तर चालेल का?" एवढेच विचारायला ते आले होते.

"अहो, त्यात काय, कार्यालयात आम्ही बोलतो," असे म्हणून आम्ही त्यांना बसवून घेतले. चहा घेता घेता बाकीची हकीकत कळली. यंत्राचा विमा होता, कारण कर्ज देताना बँकेने तो काढायला लावला होता. मालाचाही विमा होता. पण पावसाळ्यापूर्वी भाव बरा मिळाला म्हणून त्यांनी कागदाची रिमे नेहमीपेक्षा जास्त घेतली होती आणि दुकानात जागा नव्हती म्हणून ती जवळच्याच एका भाड्याच्या गोदामात ठेवली होती. पॉलिसीवर पत्ता मात्र फक्त दुकानाचा. गोदामातल्या मालाची भरपाई मिळाली नाही. कागदाच्या व्यापाऱ्याचे पैसे तर द्यायचेच होते. ते घरातले दागिने गहाण ठेवून दिले आणि म्हणून मुलीची फी अडली.

पूर कोणाच्या हातात नसतो. पण दुकानाचे नुकसान दुकानापाशी थांबवायचे की ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे, हे पुष्कळसे आपल्या हातात असते. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांच्या घरी लहानमोठा धंदा आहे. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाचे मकरपुरा जी.आय.डी.सी.त वर्कशॉप, कोणी घरी फराळाचे पदार्थ करून विकतात, कोणी डबे पुरवतात. म्हणून वाणिज्य विभागाच्या आम्हा शिक्षकांना वाटले की या विषयावर चार गोष्टी सोप्या भाषेत लिहाव्यात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. त्याचा अर्थ कोणी बुडवले तरी गप्प बसावे असा आम्ही घेत नाही. कोर्टाची पायरी चढण्याची वेळच येऊ नये, अशी तजवीज आधी करून ठेवावी, असा घेतो.

धंदा कोणाच्या नावाने?

बहुतेक लहान धंदे एकट्याच्या मालकीचे असतात. दुकानाच्या पाटीवर नाव वेगळे असले तरी कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि दुकानदार एकच. दुकानाचे देणे हे मालकाचेच देणे. ते फिटले नाही आणि धनकोने हुकूमनामा मिळवला, तर मालकाचे बँकेतले पैसे, वाहन, राहते घरसुद्धा जप्तीत जाऊ शकते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्ती न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे त्यात येतात. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचे राहते घरही त्यात येते. दुकानदाराचे राहते घर मात्र त्या यादीत नाही.

धंदा आणि माणूस वेगळे मानण्याची सोय कंपनीच्या स्वरूपात आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सालोमनचा खटला ऐकला असेल. आरोन सालोमन हा लंडनचा बूट तयार करणारा व्यापारी. १८९२ मध्ये त्याने आपल्या चालू धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात भागधारक हवे होते, म्हणून तो स्वतः, पत्नी आणि पाच मुले मिळून सात झाले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. कंपनी म्हणजे सालोमनच, तेव्हा त्यानेच देणे भरावे, असे धनकोंचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयांनी ते मानले. परंतु हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. रीतसर नोंदलेली कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, तिचे देणे तिचेच, असे तत्त्व त्या दिवशी पक्के झाले. पुढे १८९७ मध्ये बडोदे संस्थानाने आपला कंपनी कायदा केला आणि त्याच कायद्याखाली २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली.

आज लहान धंद्याला दोन मार्ग सोयीचे आहेत. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एल.एल.पी., हिला किमान दोन भागीदार लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने आलेली एकव्यक्ती कंपनी एकट्यालाही काढता येते. दोन्हींत सर्वसाधारणपणे आपण घातलेल्या किंवा घालण्याचे कबूल केलेल्या भांडवलापुरतीच आपली जबाबदारी राहते. अर्थात हिशेब, लेखापरीक्षण, दरवर्षीची विवरणपत्रे यांचा खर्च वाढतो. कोपऱ्यावरच्या लहान दुकानाला त्याची गरज नसेलही. पण ज्यांच्या धंद्यात मोठी उधारी, मोठे कर्ज किंवा मालामुळे कोणाला इजा होण्याची शक्यता आहे, त्यांनी आपल्या सी.ए.शी यावर एकदा तरी बोलावे. कंपनीच्या आड फसवणूक केली तर हे संरक्षण टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भागीदारी असेल तर

दोन भाऊ, दोन मित्र, मामा-भाचे एकत्र येऊन धंदा करतात तेव्हा कागद करणे त्यांना अवघड वाटते. "आपल्यात कसला कागद?" असे म्हटले जाते. १९३२ च्या भागीदारी कायद्यातील चार गोष्टी त्यांना ठाऊक असाव्यात.

पहिली, करारात काही ठरले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग भांडवल एकाने जास्त घातलेले असो. दुसरी, फर्मचे सगळे देणे कोणत्याही एका भागीदाराकडून वसूल करता येते. भागीदाराने फर्मच्या कामासाठी केलेली उधारी आपल्याला ठाऊक नव्हती, ही सबब चालत नाही. तिसरी, फर्म नोंदलेली नसेल तर तिला करारावरून बाहेरच्या गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. शंभर रुपयांपर्यंतची क्षुल्लक रक्कम एवढाच काय तो अपवाद. म्हणजे लोक आपल्यावर दावा लावू शकतात, आपण लोकांवर लावू शकत नाही. चौथी, करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते.

तेव्हा करारपत्र करावे, फर्म नोंदवावी आणि कोणी भागीदार बाहेर पडला तर त्याची जाहीर सूचना द्यावी. ती दिली नाही तर बाहेर पडलेल्या माणसावर नंतरच्या देण्याचाही बोजा येऊ शकतो. कागद केल्याने नाते तुटत नाही. पुढे वाद झाला, तर त्या कागदाकडे बोट दाखवून दोघेही गप्प बसू शकतात.

जामीन आणि कोरा चेक

कंपनी किंवा एल.एल.पी. केली की घर सुरक्षित झाले, असे समजून चालत नाही. कर्ज देताना बँक बहुधा मालकाची, कधी त्याच्या पत्नीचीही, वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की दुकान आणि घर यांच्यातली भिंत त्या कर्जापुरती आपणच पाडतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बँकेने आधी ऋणकोच्या मागे लागावे, मग आपल्याकडे यावे, असे म्हणता येत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. रक्कम किती? हमी एका कर्जापुरती की पुढच्या सगळ्या कर्जांना लागू? कर्ज फिटल्यावर हमीचा कागद लेखी परत मिळेल का? पुढे चालू राहणारी हमी दिलेली असेल तर भविष्यातील व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते. आधीच्या देण्यातून मात्र सुटका होत नाही. मित्राला किंवा मेहुण्याला जामीन राहण्याची पाळी येते तेव्हाही हेच प्रश्न विचारावेत. संकोच वाटला तर घरी विचारून सांगतो म्हणावे, आणि खरोखर घरी विचारावे.

सही केलेला कोरा चेक तारण म्हणून देण्याची पद्धत बाजारात आहे. ती घातक आहे. त्यावर रक्कम नंतर दुसऱ्याने भरली तरी सही आपली म्हणून चेक देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो.

उधारी: धंद्याचे जुने दुखणे

आपल्याकडचे कितीतरी वर्कशॉपवाले मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. माल वेळेवर जातो, पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. तोपर्यंत कामगारांचे पगार, विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता घरच्या बचतीतून जातो. उधारी घरात शिरते ती अशी.

यावर तीन कायदे उपयोगी आहेत.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा असे सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी पैसे द्यावेत आणि तो ठरलेला दिवस माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडचा नसावा. काहीच ठरले नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला कसलेही शुल्क नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, तेव्हा आपले बहुतेक पालक त्यातच बसतील. नोंदणी माल देण्यापूर्वीच करावी, कारण उशिरा केलेल्या नोंदणीवरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. थकलेल्या पैशांचे हे संरक्षण त्यांनी गृहीत धरू नये.

दुसरा कायदा चेकचा. गिऱ्हाइकाचा चेक पैसे नाहीत म्हणून परत आला तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागू होते. परंतु त्याचे दिवस मोजावे लागतात. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. "देतो, देतो" म्हणत समोरच्याने दोन महिने काढले की हे हत्यार बोथट होते.

तिसरा, मुदतीचा १९६३ चा कायदा. साध्या उधारीसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने सही करून बाकी मान्य केली तर तेथून नवी तीन वर्षे मोजली जातात. म्हणून दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक मोठ्या खातेदाराकडे बाकीची रक्कम लिहून पाठवावी आणि त्याची सही-शिक्का घेऊन ठेवावा. एका पानाचे काम आहे.

कराचा पैसा आपला नव्हे

जी.एस.टी. १ जुलै २०१७ पासून आला. गुजरातेत नुसत्या मालाच्या धंद्याला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीनंतर सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. दोन चुका वारंवार होतात. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यातच राहतो, खर्च होतो, आणि भरायच्या दिवशी पैसे नसतात. मग व्याज लागते आणि विलंब शुल्कही. यासाठी कराचा पैसा रोज किंवा आठवड्याला वेगळ्या खात्यात टाकावा. दुसरी चूक खरेदीतली. ज्याच्याकडून माल घेतला त्याने कर भरला नाही, तर आपल्याला मिळालेली वजावट अडचणीत येते. पाच रुपये स्वस्त देणाऱ्याकडे वळण्यापूर्वी तो विवरणपत्रे वेळेवर भरतो का, हे पाहावे. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तरीही वजावट व्याजासह परत करावी लागते.

विमा नीट वाचा

विमा आहे एवढे पुरेसे नाही. आम्ही भेटलेल्या पालकांच्या उदाहरणावरून तीन गोष्टी पाहाव्यात.

पत्ता: माल जिथे जिथे ठेवतो ती प्रत्येक जागा पॉलिसीवर हवी. गोदाम बदलले की विमा कंपनीला लेखी कळवावे.

रक्कम: समजा माल २० लाखांचा आहे आणि हप्ता वाचावा म्हणून विमा १० लाखांचाच काढला. पुरात ४ लाखांचे नुकसान झाले. विमा १० लाखांचा असल्याने चारही लाख मिळतील असे वाटते, पण निम्मा विमा तर निम्मीच भरपाई, या न्यायाने २ लाखच हाती येतात. दिवाळीपूर्वी माल वाढतो तेव्हा विम्याची रक्कमही वाढवावी.

संकटे: आग, पूर, भूकंप, दंगल यांपैकी काय काय समाविष्ट आहे ते वाचावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही एकाच नमुन्याची पॉलिसी आहे. एका जागी एकूण ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती असून तिच्यात पूरही धरलेला आहे. साध्या घरफोडीसाठी मात्र वेगळा विमा लागतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली विवाहित पुरुषाने पत्नी व मुलांच्या लाभासाठी स्वतःचा आयुर्विमा काढला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी मानली जाते. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने हप्ते भरलेले नसतील तर त्यांना त्यावर हात टाकता येत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. एजंटाला तसे स्पष्ट सांगावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी

तुम्ही शाळा सुटल्यावर दुकानात बसता, वडिलांना, काकांना मदत करता, हे आम्हाला माहीत आहे. बालमजुरीविरोधी १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाने शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करण्यास मुभा आहे. अभ्यास बुडता कामा नये, हे मात्र आम्ही शिक्षक म्हणून सांगणारच. तुमच्याकडून होण्यासारखी चांगली कामे अशी: रोजच्या जमाखर्चाची वही लिहा. पॉलिसी, भाडेकरार, परवाने, कर्जाचे कागद यांची छायाचित्रे काढून घरच्या दोघांच्या तरी फोनवर ठेवा. दुकानातल्या मालाची यादी दर महिन्याला करा. पुरात वही भिजली तरी यादी शाबूत राहील आणि विम्याच्या पाहणीदाराला दाखवता येईल.

शेवटी एक विनंती

आमचा लेख वकील किंवा सी.ए. यांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. तो सल्ला घ्यायला जाताना काय विचारायचे, एवढे यातून कळले तरी पुरे. आपल्या पालकांत वकीलही आहेत आणि सी.ए.ही आहेत. विश्वस्त मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ शाळेच्या सभागृहात त्यांना बोलावून धंदेवाईक पालकांसाठी मार्गदर्शन ठेवावे, अशी आमची सूचना आहे. बोलावताना आयांनाही आवर्जून बोलवावे, कारण हमीपत्रावर सही करायला लावतात पण त्यात काय लिहिले आहे ते सांगत नाहीत, असा अनुभव पुष्कळ जणींना आहे.

बडोद्यात दिवाळीला चोपडापूजन करण्याची रीत आहे. यंदा चोपड्याशेजारी एक फाइलही ठेवावी. तिच्यात पॉलिसी, भागीदारीचे करारपत्र, उद्यम नोंदणी, बाकीची कबुलीपत्रे आणि आपण कोणाला जामीन आहोत त्याची यादी असावी. ती फाइल कोठे असते, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे.

त्या पालकांनी मुलीची फी तीन हप्त्यांत पूर्ण भरली. पुढच्या वर्षी भेटले तेव्हा त्यांनी नवी पॉलिसी आम्हाला मुद्दाम दाखवली. तिच्यावर दुकानाचा आणि गोदामाचा, दोन्ही पत्ते होते.